पाटीवरचे अक्षर

पुण्याहून बंगळूरकडे जाणारा मोठा रस्ता सातारा आणि कराडवरून जातो. त्या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहा. मालमोटारी जातात. उसाच्या ट्रॉल्या जातात. कुणावर मालकाचे नाव असते, कुणावर देवाचे. कुणावर ‘आईचा आशीर्वाद’ असे लिहिलेले असते. भोवती पिवळ्या-तांबड्या रेघा असतात. अक्षरओळख नव्हती तेव्हा हे सारे आपल्याला नक्षीसारखे वाटायचे. आता आपण ते वाचतो. मग ही अक्षरे कशी काढतात, तेही पाहू या.

पेंटर आधी पत्रा पॉलिश पेपरने घासतो. घासला नाही तर पुढे रंगाचे पोपडे निघतात. मग अस्तर देतो. त्यावर रंगाचा हात देतो. तो वाळला की दोरीला खडूची पूड लावतो. दोघे जण दोरी ताणून धरतात, मधे उचलून सोडतात. सरळ रेघ उमटते. ओळी आखल्या की पेंटर अक्षरे मोजतो. मोजली नाहीत तर पहिली अक्षरे ऐसपैस बसतात आणि शेवटच्यांची दाटी होते.

आपल्या अक्षरांना वर जागा लागते, तशी खालीही लागते. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. सांगलीच्या बाजारात हळदीचा आणि गुळाचा मोठा व्यापार चालतो. तिथे एखाद्या पाटीवर खाली जागा उरली नाही आणि उकार राहिला, तर ‘गूळ’चा ‘गळ’ होईल!

अक्षराला चपटा ब्रश लागतो. रेघेला लांब केसांचा बारीक ब्रश लागतो. रंग घट्ट असला तर ब्रश अडखळतो. पातळ असला तर रंग ओघळतो. हात थरथरू नये म्हणून पेंटर करंगळी टेकतो, नाहीतर मनगटाखाली काठी धरतो. रेघ नुसत्या बोटांनी ओढायची नाही, सबंध हाताने ओढायची. मधे थांबले की तिथे गाठ दिसते. शेवटी अक्षरांच्या एका अंगाला सावली देतात. मग अक्षर उठून दिसते.

अक्षर शोभा देते, हे खरे. पण त्याचे मोठे काम निराळे आहे. एस.टी.च्या पाटीवर ‘सांगली’ आहे की ‘सांगोला’? सुरुवात सारखीच. नुसते ‘सां’ पाहून चढलो, तर सांगलीऐवजी सोलापूर जिल्ह्यात जाऊन उतरू. समजा, विहिरीवर पाटी आहे, ‘हे पाणी पिण्याचे नाही’. शेवटच्या शब्दाचा रंग उडाला तर? उरलेली पाटी उलटेच सांगेल. माणसे आजारी पडतील.

म्हणून आम्ही म्हणतो, पाटी लिहिणाऱ्यावर जबाबदारी आहे, तशी वाचणाऱ्यावरही आहे. पाटी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावी. चूक दिसली तर सांगावी. “पेंटरभाऊ, उकार राहिला बघा,” असं म्हणायला लाजू नये. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, ती मोठ्या माणसांना लिहिता-वाचता यावे म्हणूनच. शिकलेले अक्षर असे रोज वापरले तरच टिकते.

आता यंत्रावर छापलेले फलक आले आहेत. ते झटपट होतात. नव्या गाड्यांची नंबरपाटीही १ एप्रिल २०१९ पासून कारखान्यातूनच येते. त्यामुळे पेंटरचे काम कमी झाले. पण भिंतीवर, ट्रॉलीवर, मालमोटारीवर ब्रश अजून चालतो. आणि एकच शब्द उडाला असेल, तर ब्रशने तेवढाच शब्द पुन्हा काढता येतो.

हे काम शिकणाऱ्याने एक जपावे. काही पिवळ्या-तांबड्या रंगांत शिसे असते. ते पोटात गेले तर विष आहे, लहान मुलांना तर फारच. घरी लावायच्या रंगांतल्या शिशावर सरकारने २०१७ पासून कडक मर्यादा घातली आहे. तरी ब्रश तोंडात धरू नये. जुना रंग कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा. हात धुऊनच भाकरीला बसावे.

करून पाहा

१. आपल्या गावातल्या पाच पाट्या पूर्ण वाचा.
२. कुठे उकार, वेलांटी किंवा सबंध शब्द उडाला आहे का?
३. पाण्याच्या किंवा धोक्याच्या पाटीचा रंग उडाला असेल, तर ग्रामपंचायतीला चार ओळींचा अर्ज लिहा. खाली आपली सही करा.