घर मिळावे आणि टिकावे

मंडळी, आपल्यात म्हण आहे : घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून. घर बांधणे किती कठीण, हे ज्याने बांधले त्यालाच ठाऊक. आज आपण दोन गोष्टी शिकू. ज्याला घर नाही, त्याला ते कसे मिळते? आणि मिळालेले घर हातचे जाऊ नये म्हणून काय करावे?

बेघर कोण?

जो रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, फलाटावर किंवा देवळाच्या ओट्यावर रात्र काढतो, तो बेघर. 2011 च्या शिरगणतीत अशी सुमारे 17 लाख 70 हजार माणसे देशात मोजली गेली. त्यांपैकी दोन लाखांहून जास्त आपल्या महाराष्ट्रात होती.

ही माणसे येतात कोठून? पुष्कळजण खेड्यांतून येतात. आपले आसगावच घ्या. पवनी तालुक्यातले हे गाव. धानाचा मुलूख. रोवणीला काम असते, कापणीला काम असते. मधल्या दिवसांत ज्याला शेती नाही तो नागपूरची वाट धरतो. इकडे मातीचे घर ओस पडते. कवेलू फेरायला कोणी नसते. पावसात भिंत खचते. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, तेव्हा आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरे पडली. गावचे घर गेले की माणसाला परतायला जागा उरत नाही.

आसरा निराळा, घर निराळे

विदर्भाचे गाडगेबाबा (1876–1956) यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. गरीब वाटसरूची सोय झाली. शहरांतल्या बेघरांसाठीही 2013 साली सरकारी नियम ठरला : एक लाख वस्तीमागे शंभर माणसांचा एक निवारा असावा, आणि तो बाराही महिने चालावा. थंडीपावसात असा आसरा जीव वाचवतो. पण तेथे चूल आपली नसते. पेटी ठेवायला भरवशाची जागा नसते. उद्याची चिंता तशीच राहते.

फिनलंड नावाचा एक थंड देश आहे. तेथे 2008 साली नवी रीत सुरू झाली. आधी दारू सोड, आधी काम शोध, मग घर देऊ, ही जुनी अट काढली. आधी घर दिले. राहणाराच्या नावाने भाडेकरार केला. मग दवापाणी, काम, व्यसन यांसाठी मदतनीस त्याच्या घरी येऊ लागला. बारा वर्षांत, वर्षानुवर्षे बेघर असलेल्यांची संख्या तेथे निम्म्याहून कमी झाली. यातून धडा मिळतो तो असा : डोक्यावर छप्पर आले की माणूस बाकीच्या अडचणींशी झुंजू शकतो. मात्र त्याला एकटे सोडू नये.

घरकुल कसे मिळते?

खेड्यातल्या गरिबाला घरकुल योजना आहे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात 2016 साली सुरू झाली. तेव्हा सपाट मुलुखातल्या घरामागे 1 लाख 20 हजार रुपये ठरले. शिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी आणि संडासासाठी 12 हजार रुपये. घर निदान 25 चौरस मीटरचे असावे, असा नियम झाला. अनुसूचित जातींसाठी रमाई आणि आदिवासींसाठी शबरी अशा राज्याच्या योजनाही आहेत. रकमा आणि नियम बदलतात. म्हणून ग्रामपंचायतीत किंवा पवनीच्या पंचायत समितीत जाऊन ताजी माहिती विचारावी.

पहिली पायरी ग्रामसभेची. लाभार्थ्यांची यादी तेथे वाचली जाते. यादीत आपले नाव आहे का, ते स्वतः वाचावे. नसेल तर सभेतच उठून विचारावे आणि लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यावी. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते.

दुसरी पायरी जागेची. स्वतःची जागा नसेल तर घरकुल अडते. भूमिहीनाला जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची राज्याची योजना आहे. तिचीही चौकशी करावी.

तिसरी पायरी पैशाची. पैसा एकदम मिळत नाही. जोते झाले, भिंती चढल्या, छत पडले, असे काम पुढे सरकते. त्याचा फोटो घेतात, आणि हप्ता बँकेच्या खात्यात येतो. येथेच पुष्कळांचा घात होतो. समजा, मंजुरी आली म्हणून एकाने जुने घर पाडले. पहिला हप्ता सगळाच्या सगळा ठेकेदाराच्या हाती दिला. ठेकेदार दुसऱ्या गावी गेला. काम पुढे सरकेना, म्हणून दुसरा हप्ता येईना. तेवढ्यात मृग लागला. घर होते तो माणूस ताडपत्रीखाली आला!

शेजारीण विचारते, "काकाजी, घरकुल आलं म्हणता, मग पावसात कावून बसले जी?"

काकाजी म्हणतात, "आलं बाई, पन कागदावरच आलं."

म्हणून आधी पावसाळ्याचा हिशेब करावा. बांधकाम होईपर्यंत कोठे राहायचे ते ठरवावे. जितके काम, तितकाच पैसा द्यावा, आणि दिलेला पैसा वहीत मांडावा.

घर टिकते कशाने?

कागदाने टिकते. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये नवरा-बायको दोघांची नावे लावून घ्यावी. नवरा मेला किंवा त्याने टाकले, तर बाईला कोणी सहज बाहेर काढू शकत नाही. परंतु लक्षात ठेवा, नमुना 8 हा कराचा कागद आहे. जागेच्या मालकीचा कागद वेगळा. दोन्ही जपून ठेवावे. घरपट्टी भरून पावती घ्यावी.

कमाईने टिकते. गावात किंवा जवळपास काम नसेल तर पक्क्या घरालाही कुलूप लागते. आजारपणात घर गहाण टाकण्यापूर्वी सरकारी दवाखान्यात आणि बचत गटात विचारावे. कोऱ्या कागदावर अंगठा कधीही देऊ नये.

सोबतीने टिकते. शहरातून परतलेले कुटुंब, एकटी म्हातारी, व्यसनातून उठू पाहणारा माणूस यांना किल्ली देऊन काम संपत नाही. वर्षभर कोणीतरी दार वाजवावे. चूल पेटली का, पोर शाळेत गेले का, कागदाचे काम अडले का, असे विचारावे. आपण वाचायला शिकलो, तर हे काम आपणही करू शकतो. शेजाऱ्याचा अर्ज वाचून दाखवणे ही मोठी मदत आहे.

विचार करा व सांगा

1. आसरा आणि घर यांत फरक काय?
2. घरकुलाचा हप्ता केव्हा येतो? काकाजींचा हप्ता का अडला?
3. तुमच्या घराच्या नमुना 8 मध्ये कोणाची नावे आहेत? उतारा आणून वर्गात वाचा.
4. तुमच्या गल्लीत कोणाचे घर पडायला आले आहे? त्याचा अर्ज लिहायला कोण मदत करील?