बेथलेहेमच्या विहिरीचें पाणी

शास्त्रपाठ : २ शमुवेल २३:१३-१७

पलिष्ट्यांचें ठाणें बेथलेहेमांत असतां दावीदास तेथील विहिरीच्या पाण्याची इच्छा झाली. तिघां वीरांनीं जीव धोक्यांत घालून तें आणिलें. परंतु तें त्यांचें रक्तच मानून दावीदानें परमेश्वरापुढें ओतिलें.

१९१५ सालीं बगदाद घेण्याची इच्छा वरिष्ठ अधिकाऱ्यांस झाली. मोल शिपायांनीं दिलें. पुणें डिव्हिजन, तींतील मराठा पलटणींसह, कूट येथें वेढ्यांत सांपडली. उपासमारीमुळें १९१६ च्या एप्रिलांत ती शरण गेली, आणि हजारों शिपाई कैदेंत मेले.

प्रिय बंधुभगिनींनो, घरीं निर्भय बसून युद्धवार्ता ऐकून जयघोष करणें म्हणजे तें पाणी पिणेंच होय. वार्ता येतांच आपण प्रथम दोन्ही पक्षांच्या मृतांची आठवण परमेश्वरापुढें मांडावी. मग गांवांतील शिपायाच्या आईच्या दारीं जावें.