दाखल्याआधीचे उड्डाण

लासलगावच्या बाजारातून कांद्याने भरलेल्या मालमोटारी देशभर जातात. या मालमोटारींना ठरावीक मुदतीने परिवहन कार्यालयाची तपासणी करून घ्यावी लागते. लोक तिला ‘पासिंग’ म्हणतात. मुदत टळली तर मोठी अडचण होते. तपासणीवाचून गाडी रस्त्यावर आणावयाची नाही, आणि रस्त्यावर आणल्यावाचून ती तपासणीला पोचावयाची कशी? पण मालमोटार निदान दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेता येते. समुद्रापलीकडे उभ्या असलेल्या विमानाने काय करावे?

लासलगावच्याच निफाड तालुक्यात ओझर येथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना निघाला. तेथे लढाऊ विमाने तयार झाली. पुढे या संस्थेने एअरबस कंपनीशी करार केला. प्रवासी विमानांच्या दुरुस्तीची सोय नाशिकला व्हावी हा त्याचा हेतू. अनेक प्रवासी विमाने मात्र मोठ्या दुरुस्तीसाठी परदेशी धाडली जातात. तेथे त्यांची आसने बदलतात, तारा नव्या घालतात, सांगाड्याचा कोपरान् कोपरा तपासतात.

प्रत्येक विमानाजवळ उड्डाणयोग्यतेचा दाखला असावा लागतो. शिकागो येथे १९४४ साली झालेल्या करारानुसार एका देशाने रीतसर दिलेला दाखला इतर देशही मानतात. दुरुस्त झालेल्या विमानाची काही तपासणी स्वदेशी व्हावयाची राहिली असेल, तर हा दाखला पुरा होत नाही. आणि विमान तर घरी आणावयाचे असते. अशा वेळी नागरी विमान वाहतुकीचे अधिकारी विशेष उड्डाण परवाना देऊ शकतात. तो सहजासहजी मिळत नाही. या एका प्रवासापुरते विमान सुरक्षित आहे, असे जाणत्या अभियंत्याने तपासून लिहून द्यावे लागते. मार्ग ठरवून दिलेला असतो. पुष्कळदा दिवसाउजेडी आणि स्वच्छ हवेतच उडण्याची अट असते. वाटेतील देशांवर अशा परवान्याचे बंधन नसते, म्हणून प्रत्येकाची संमती आगाऊ मागावी लागते. एकाने नकार दिला की वळसा घ्यावयाचा!

सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे विमानात प्रवासी बसवावयाचे नाहीत. वैमानिक आणि आवश्यक तेवढे सहकारी यांनीच जावयाचे. विमानात काय उणे आहे ते त्यांना ठाऊक असते, आणि ते जाणूनच ते चढतात. तिकीट काढणारा मनुष्य मात्र दाखल्यावर विश्वासून बसतो. रिकाम्या आसनांचे भाडे बुडते खरे, पण दुसरा मार्ग नाही. शंका आली तर ‘मी उडणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार वैमानिकाला असतो. माझ्या मते सगळ्या कागदांपेक्षा हा अधिकार मोठा आहे.

जुने विमान दुरुस्त करून दूरदेशाहून घरी आणण्याचा एक प्रसंग २०१८ साली घडला. ते डकोटा जातीचे विमान होते. या जातीच्या विमानांनीच २७ ऑक्टोबर १९४७ रोजी आपले सैनिक श्रीनगरला पोचविले होते. राजीव चंद्रशेखर यांनी मोडीत निघालेले असे एक विमान मिळवून इंग्लंडमध्ये दुरुस्त करविले व वायुदलाला भेट दिले. त्यांचे वडील वायुदलात डकोटा चालवीत असत. हे विमान सैनिकी असल्याने त्याचे नियम निराळे, पण सावधगिरी तीच. आजचे जेट विमान इंग्लंडहून भारतात नऊ-दहा तासांत येते. या दोन पंख्यांच्या विमानाला उंच उडता येत नव्हते, कारण त्यात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. ते १७ एप्रिल रोजी कव्हेंट्रीहून निघाले. फ्रान्स, इटली, ग्रीस असे मुक्काम करीत, पुढे अरबस्तानचे वाळवंट ओलांडून ओमानवरून जामनगरला उतरावयास त्याला आठवड्याहून अधिक काळ लागला. तेथून ते दिल्लीजवळच्या हिंडन तळावर गेले. तेथे ४ मे रोजी ‘परशुराम’ या नावाने ते समारंभपूर्वक वायुदलात दाखल झाले.