जकातनाका आणि शेजारी राष्ट्रांचा संघ

‘युरोपीय संघ’ हा विषय वर्गात आला, की पुष्कळ शिक्षक सभासद-राष्ट्रांची नावे फळ्यावर लिहून देतात, मुख्य ठाणे ब्रुसेल्स येथे आहे असे सांगतात आणि पुढील पाठाकडे वळतात. मुले नावे पाठ करतात. परंतु सत्तावीस स्वतंत्र राष्ट्रांनी एकत्र येऊन नेमके केले काय, हे त्यांस उमगत नाही. या पाठाचा आरंभ ब्रुसेल्सहून न करता कासारवाडीहून करावा.

कासारवाडीजवळ नाशिक फाट्यावर चाकणकडून येणारा रस्ता मुंबई-पुणे रस्त्यास मिळतो. हा भाग पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, चाकण हद्दीबाहेर. चाकणचा माल या हद्दीत आणावयाचा, तर पूर्वी नाक्यावर थांबून जकात भरावी लागे. दापोडीचा पूल ओलांडून मुळेपलीकडे बोपोडीस जावे, तो पुणे महानगरपालिकेची हद्द. तिचा नाका निराळा, तिजोरीही निराळी. मुलांच्या आजोबांपैकी कोणी मालमोटार चालविली असेल, तर त्यांस अर्धा तास वर्गात बोलवावे. नाक्यावरच्या रांगांविषयी पुस्तकापेक्षा ते अधिक सांगतील.

मग मुलांना एक प्रश्न घालावा. दापोडी व बोपोडी यांच्यामधला नाका काढून टाकला, पण बाहेरून येणाऱ्या मालावर दोन्ही शहरांनी आपापला निराळा दर ठेवला, तर काय होईल? एखादे चलाख मूल लगेच सांगेल, की ज्या शहराचा दर कमी, त्याच्या नाक्याने व्यापारी माल आत आणील आणि मोकळ्या पुलावरून पलीकडे नेईल. जास्त दर ठेवणाऱ्या शहराची तिजोरी रिकामी राहील. म्हणजे आतले नाके काढावयाचे, तर बाहेरचा दर एकच असला पाहिजे. तो ठरविण्यास सर्वांनी एका बैठकीस बसले पाहिजे. तेथे कोणाच्या मताचे वजन किती, हे आधी ठरले पाहिजे. आणि कोणी शब्द मोडला, तर निवाडा देणारा असला पाहिजे. व्यापाराच्या पोटी राजकारण जन्मास येते ते असे. हा दुवा मुलांच्या ध्यानी येईपर्यंत पुढे जाऊ नये, मग त्यास दोन तास लागले तरी चालतील.

युरोपात हेच घडले. फ्रान्स व जर्मनी यांच्यात १८७० ते १९४० या सत्तर वर्षांत तीन युद्धे पेटली. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी सुचविले, की दोन्ही देशांचे कोळसा व पोलाद यांचे उत्पादन एका सामाईक मंडळाच्या देखरेखीखाली आणावे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत ज्यांच्या घरची माणसे काम करतात, त्या मुलांना यातील मर्म चटकन कळते. तोफ पोलादाचीच होते. पोलादाचा हिशेब शेजाऱ्यासमोर उघडा असला, तर गुपचूप तोफा कोण ओतणार? १९५१ साली सहा राष्ट्रांनी तसा करार केला. १९५७ साली रोम येथे सामाईक बाजारपेठेचा करार झाला आणि १ जुलै १९६८ पासून आपसांतील जकात बंद होऊन बाहेरच्या मालास एकच दर लागू झाला. ‘युरोपीय संघ’ हे नाव पुढे १९९३ साली आले.

आता कारभार पाहावा. कायद्याचा मसुदा आयोग मांडतो. त्यात प्रत्येक राष्ट्राचा एक सभासद असतो. मसुद्यास राष्ट्रांच्या मंत्र्यांची परिषद आणि जनतेने निवडलेली संसद या दोघांची संमती लागते. परिषदेत बहुतेक ठराव संमत होण्यास निदान ५५ टक्के राष्ट्रे अनुकूल हवीत आणि त्यांत संघाच्या ६५ टक्के लोकांचा वास हवा. त्यामुळे मोठी राष्ट्रे लहानांस दडपू शकत नाहीत आणि लहानांची मोळी मोठ्यांस वाकवू शकत नाही. कर व परराष्ट्रधोरण यांस मात्र एकमत लागते. तंट्यांचा निवाडा लक्झेंबर्ग येथील न्यायालय करते. चाकणला जर्मनीच्या फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना आहे. तरी आयातकराविषयी भारतास एकट्या जर्मनीशी करार करता येत नाही. २००७ साली सुरू झालेली, २०१३ साली थांबलेली आणि २०२२ साली पुन्हा उघडलेली बोलणी झाली ती संपूर्ण संघाशी.

आपल्याकडील नाक्यांचे काय झाले, हे मुले विचारतीलच. पिंपरी-चिंचवडची जकात १ एप्रिल २०१३ पासून बंद होऊन तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याच्या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक-तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन-तृतीयांश, आणि निर्णयास तीन-चतुर्थांश मते लागतात. केंद्रास सोडून राज्यांना निर्णय करता येत नाही व राज्यांस सोडून केंद्रास नाही, हे अपूर्णांकांचे उदाहरण म्हणून गणिताच्या तासालाही घालता येईल. साम्य येथवरच आहे, हे मात्र बजावून सांगावे. युरोपीय संघातून राष्ट्रास करारानुसार बाहेर पडता येते. भारताच्या घटनेत राज्यास तशी वाट नाही.

एकत्र येण्याची किंमतही झाकून ठेवू नये. जकात हा पिंपरी-चिंचवडच्या तिजोरीचा मोठा आधार होता. नाका गेला, मालमोटारी सुटल्या. पण जो पैसा महापालिका स्वतःच्या दारात गोळा करीत असे, त्याच्या भरपाईसाठी तिला राज्याकडे पाहावे लागू लागले. ब्रिटनमध्ये ‘आमचे नियम दुसऱ्यांनी का करावेत’ हा प्रश्न पेटला. २०१६ साली जनमत घेण्यात आले आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडले. त्याबरोबर काढून टाकलेला नाका पुन्हा कोठे उभारावा, हा पेच पडला. ब्रिटनचा उत्तर आयर्लंड प्रांत आणि संघातील आयर्लंड यांच्या सीमेवर तो उभारावा, तर १९९८ च्या शांतताकराराने विझलेला विस्तव पुन्हा फुलण्याची भीती. अखेर तपासणी समुद्रमार्गावर, ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये आली. एकाच देशाच्या दोन भागांत नाका! मुलांना हे प्रथम खरे वाटत नाही. नकाशा काढून दाखवावा.

दक्षिण आशियातील राष्ट्रांनीही १९८५ साली ढाका येथे ‘सार्क’ ही संघटना स्थापिली. तिच्या सनदेप्रमाणे निर्णय एकमतानेच होतात आणि दोन राष्ट्रांमधील वादाचे विषय चर्चेस घेता येत नाहीत. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतरची परिषद २०१६ साली इस्लामाबादला व्हावयाची होती, ती झाली नाही.

पाठाच्या शेवटी वर्गाचे पाच गट करावेत व प्रत्येकास एक वाडी समजावे. एकीची लोकसंख्या फार मोठी, एकीची अगदी थोडी, एकीपाशी पाणी, एकीपाशी बाजार. सामाईक दर ठरविण्यास त्यांस बसवावे. प्रथम एकमताने, मग बहुमताने. सर्वांत लहान वाडीच्या मुलांनी काय मागितले, ते फळ्यावर लिहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ तेथून सुरू करावा.