शोकगीताचा अर्थ कसा जाणावा

गीताचा अर्थ जाणण्यास ते कोणी व कोणत्या समयी रचिले हेही पाहावे लागते. अमेरिकेतील होरेशिओ स्पॅफर्ड यांचे आत्मिक शांतीविषयीचे प्रसिद्ध गीत घ्या. २२ नोव्हेंबर १८७३ रोजी ‘व्हिल द्यु हाव्र’ ही आगबोट अटलांटिक महासागरात एका शिडाच्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. २२६ माणसे मृत्यू पावली. त्यांत स्पॅफर्ड यांच्या चार मुली होत्या. पत्नी मात्र वाचली. फिलिप ब्लिस यांनी पुढे या गीतास जी चाल दिली, तिला त्याच बोटीचे नाव आहे.

हे ठाऊक नसता आम्हांस वाटेल की, कवी सुखात बसून गात आहे. परंतु शांतीस नदीची आणि दुःखास समुद्राच्या लाटांची उपमा तो एकाच कडव्यात देतो. लाटा शमल्या, असे तो म्हणत नाही.

यास्तव उपदेशक बंधूंनी शोकाकुल मातेस गप्प करण्यासाठी हे गीत गाऊ नये. लाजाराच्या कबरेपाशी प्रभूनेही अश्रू ढाळिले. आधी तिच्याजवळ बसावे, तिचे रडणे ऐकावे. मग तिची इच्छा असल्यास हळू स्वराने गावे.

मननार्थ प्रश्न: आपल्या मंडळीत गाइले जाणारे कोणते गीत कोणाच्या अश्रूंतून निघाले आहे?