जीर्ण प्रतिश्यायात श्लेष्मल त्वचेच्या रक्षक प्रथिनांचे कार्य

आश्विनात सोयाबीनची मळणी सुरू झाली, की लातूरचा आडत बाजार आणि नांदेडचा मोंढा येथील हमाल, मापाडी व मळणीयंत्रावरील मजूर नाक चोंदणे, कपाळ जड होणे व घशात स्राव उतरणे या तक्रारी घेऊन आपल्याकडे येऊ लागतात. पुढे तुरीच्या हंगामात डाळ गिरण्यांतील कामगारांची भर पडते. या रुग्णांपैकी ज्यांची लक्षणे १२ आठवड्यांहून अधिक काळ टिकतात, त्यांचा विचार आधुनिक शास्त्र जीर्ण नासा-वायुविवर शोथ या नावाने करते. आपण त्यास लक्षणांनुसार जीर्ण अथवा दुष्ट प्रतिश्याय म्हणतो. अशा रुग्णांतील स्रावाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचे योजिले आहे.

स्रावाचे स्वरूप

नासास्राव हा केवळ मळ नव्हे. त्यात सुमारे ९५ टक्के पाणी असून उरलेल्या अल्प भागात संरक्षणाची मोठी सामग्री असते. म्युसिन ही प्रथिने स्रावास चिकटपणा देतात व धूलिकण अडकवून ठेवतात. सूक्ष्म रोम हा थर सतत घशाकडे ढकलतात. लायसोझाइम जिवाणूंची भित्तिका फोडते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेही सर्दीच्या रुग्णाच्या नासास्रावावरून. लॅक्टोफेरिन लोह बांधून ठेवून जिवाणूंचे पोषण रोखते. स्रावी प्रतिपिंड जंतूंना त्वचेस चिकटू देत नाहीत.

जीर्ण शोथात ही व्यवस्था दोन्ही बाजूंनी बिघडते. म्युसिन प्रमाणाबाहेर वाढून स्राव घट्ट होतो, रोमांची गती मंदावते व विवरांची द्वारे अवरुद्ध होतात. त्याच वेळी लॅक्टोफेरिनसारखी काही रक्षक प्रथिने अनेक रुग्णांत घटलेली आढळतात. परिणामी जिवाणू स्वतःभोवती संरक्षक पापुद्रा तयार करून तेथेच ठाण मांडतात. अशा जिवाणूंवर प्रतिजैविकांचा प्रभाव अपुरा पडतो. औषध थांबताच व्याधी का उलटतो, याचे एक कारण येथे सापडते.

शास्त्रविचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात प्राकृत कफास बल व विकृत कफास मल म्हटले आहे. एकच द्रव्य रक्षक आणि बाधक कसे ठरते, हे यातून स्पष्ट होते. तथापि लॅक्टोफेरिन म्हणजे तर्पक कफ, असे समीकरण मांडणे आम्हांस मान्य नाही. दोष ही शरीरव्यापाराची संकल्पना आहे, तर प्रथिन हे मोजता येणारे द्रव्य. साम्य चिंतनास दिशा देते; ते पुरावा ठरत नाही.

चिकित्सेतील सावधगिरी

स्राव दिसला की तो सुकवायचा, ही प्रवृत्ती आपल्यातही आहे. सतत रूक्ष, तीक्ष्ण द्रव्ये योजल्यास मलरूप कफाबरोबर बलरूप कफाचीही हानी संभवते. नाक मोकळे करणारे बाजारातील थेंब दीर्घकाळ वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते. हा इतिहास प्रत्येक रुग्णास अवश्य विचारावा.

नस्याबाबत वाग्भटांचा विवेक लक्षणीय आहे. नवीन पीनसात त्यांनी नस्य निषिद्ध सांगितले. दुष्ट पीनसात प्रतिमर्शही वर्ज्य ठरविला, कारण अल्प मात्रेने उत्क्लिष्ट झालेला दोष बाहेर पडत नाही, उलट वाढतो. असे असता प्रत्येक जुन्या सर्दीस अणुतैलाचे दोन थेंब लिहून देणे शास्त्रसंमत नाही. दोषपाचन व बलानुसार शोधन प्रथम, आणि त्वचा निर्मळ झाल्यावर पुनरुद्भव टाळण्यासाठी प्रतिमर्श, हा क्रम पाळावा.

मीठपाण्याने नासाप्रक्षालन हा सोपा व उपयुक्त उपाय आहे. एक लिटर पाण्यास ९ ग्रॅम मीठ हे प्रमाण ठेवावे. आपल्या भागात विंधनविहिरीचे व टँकरचे पाणी सर्रास वापरले जाते. ते नुसते गाळून नाकात घेऊ नये. पाणी उकळून कोमट केलेलेच असावे. मळणीच्या वेळी नाकातोंडावर उपरणे वा मुखपट्टी बांधण्याचा व काम संपताच नाक धुण्याचा सल्ला औषधाइतकाच मोलाचा आहे.

एकाच नाकपुडीतून रक्तस्राव, डोळ्याभोवती सूज, दृष्टिमांद्य, अथवा मधुमेही रुग्णात चेहऱ्यास बधिरता व नाकात काळी खपली आढळल्यास क्षणभरही न थांबता रुग्णास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे. २०२१ साली म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात जे शिकविले, ते विसरता येणार नाही.

सारांश, स्राव थांबविणे हे साध्य नसून तो प्राकृत करणे हे साध्य आहे. मळणीच्या हंगामात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सभासद वैद्यांनी हा भेद ध्यानी ठेवावा, एवढीच विनंती.