स्टिंक बगला भिंतीत मारू नका

स्टिंक बग घरात अंडी घालत नाही. एवढी एक गोष्ट न्यू जर्सीतल्या माझ्या शेजारच्या काकूंना वेळेवर कुणी सांगितली असती, तर त्यांच्या आईची पैठणी शाबूत राहिली असती.

झालं असं. ऑक्टोबरात त्यांच्या पडद्यांवर, दिव्यांच्या शेड्समध्ये, माळ्यावरच्या खोक्यांत हे तपकिरी किडे दिसायला लागले. हीटिंग सुरू झालं तसे ते जास्तच फिरू लागले. भिंतीत कुठेतरी यांची वीण चालली आहे, अशी काकूंची खात्री पटली. कीटकनाशक मारायला बोलावलेल्या माणसानेही ती समजूत खोडली नाही. भिंतींच्या पोकळीत औषध मारून, पैसे घेऊन तो गेला. किडे मेले, पण भिंतीतच मेले. त्या मढ्यांवर कार्पेट बीटल नावाचे बारीक भुंगेरे पोसले. त्यांच्या केसाळ अळ्यांना मेलेले किडे, लोकर आणि रेशीम, सगळंच चालतं. पुढे उन्हाळ्यात कपाट उघडलं, तेव्हा शालीला आणि पैठणीला भोकं पडलेली होती. ‘लिही, दुसऱ्या कुणाचं तरी वाचेल,’ असं काकूच म्हणाल्या.

हा किडा मूळचा चीन, जपान, कोरिया आणि तैवानचा. अमेरिकेत तो १९९०च्या दशकाच्या मध्यात पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउन इथे पोचला, बहुधा मालाच्या खोक्यांतून. लोकांनी काही वर्षं त्याला इथलाच समजून सोडून दिलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या कीटकतज्ज्ञाने २००१मध्ये त्याची ओळख पटवली, तोवर त्याने बस्तान बसवलं होतं. २०१०मध्ये अमेरिकेच्या मध्य-अटलांटिक पट्ट्यातल्या सफरचंद बागायतदारांचं सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलरचं नुकसान झालं. घरात तो किती संख्येने घुसू शकतो, याचा हिशेब डग इंकली या वन्यजीव अभ्यासकाने ठेवला आहे. २०११च्या पहिल्या सहा महिन्यांत मेरीलँडमधल्या आपल्या एकाच घरात त्यांनी २६,२०५ किडे गोळा केले. वाचूनच अंगावर काटा येतो.

मात्र त्या २६,२०५ किड्यांत पिल्लू शोधून सापडणार नाही. सगळे पूर्ण वाढलेले. दिवस लहान होऊ लागले की या किड्याची प्रजननाची यंत्रणाच बंद पडते. तो खाणं सोडतो आणि फक्त थंडी काढायला कोरडी फट शोधतो. रानात तो मेलेल्या झाडांच्या सालीखाली शिरतो, गावात आपल्या घरांच्या साइडिंगमागे. तो लाकूड पोखरत नाही, चावत नाही, रोगही पसरवत नाही. हिवाळ्यात पडद्यावर दिसतो तो भिंतीतल्या उबेने अर्धवट जागा झालेला, वाट चुकलेला जीव असतो.

खरा संसार उघड्यावर चालतो. एप्रिल-मेमध्ये हे किडे बाहेर पडतात, काही दिवस खातात, मग जोडी जमते. मादी पानाच्या खालच्या बाजूला एकाला एक चिकटून साधारण २८ अंडी घालते. अंडी फिकट हिरवट-पांढरी, पिंपाच्या आकाराची, साधारण टाचणीच्या डोक्याएवढी. असे अनेक पुंजके ती उन्हाळाभर घालत राहते. चार-पाच दिवसांत नारिंगी-काळी पिल्लं बाहेर येतात आणि लगेच पांगत नाहीत, रिकाम्या टरफलांवरच दाटीने बसून राहतात. आईने अंड्यांवर लावून ठेवलेले उपयोगी जिवाणू ती तिथून शोषून घेतात. नंतरच्या आयुष्यात निव्वळ रसावर जगायचं तर ते जिवाणू पोटात असावेच लागतात.

पुढे पाच वेळा कात टाकत पिल्लू मोठं होतं. दुसऱ्या अवस्थेत ते जवळजवळ काळं दिसतं, मग तपकिरी होत जातं, पायांवर पांढरे पट्टे येतात, आणि शेवटच्या अवस्थेत पंखांचे कोंब दिसतात. कोष नाही, सुरवंट नाही. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत हवेच्या उबेप्रमाणे पाच ते सात आठवडे लागतात. महाराष्ट्रात सोयाबीनवर दिसणारा हिरवा ढेकूण याच कुळातला आहे. त्याचाही प्रवास असाच.

पूर्ण वाढलेला किडा दीड सेंटिमीटरच्या आसपास, ढालीच्या आकाराचा, पाठीवर तपकिरी रांगोळीची पूड सांडल्यासारखा. ओळखायची खूण मिशांवर आहे: गडद मिशांवर पांढरे पट्टे. पोटाच्या कडेलाही गडद-फिकट पट्टे एकाआड एक असतात. खांदे गुळगुळीत. खांद्यांना काटे असतील तर थांबा, तो बहुधा सोल्जर बग. तो बागेतल्या अळ्या फस्त करतो, त्याला मारू नका.

वासाचं म्हणाल तर चिरडल्यावर किंवा घाबरल्यावर किडा छातीखालच्या ग्रंथींतून जी रसायनं सोडतो, त्यांतली काही कोथिंबिरीच्या पानांतही असतात. म्हणूनच अनेकांना तो वास ओळखीचा वाटतो, आणि तरीही नकोसा.

करायचं काय, तर सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घराला बाहेरून एक फेरी मारा. खिडक्यांच्या चौकटी, पाइप आत शिरतात त्या फटी, साइडिंगचे सांधे सीलंटने बुजवा. माळ्याच्या झरोक्यांना बारीक जाळी लावा, खिडकीतला एसी काढून ठेवा. तरी आत आलेच तर साबणाच्या पाण्यात ढकला किंवा व्हॅक्यूमने ओढा, पण पिशवी लगेच बाहेर टाका, नाहीतर मशीनला महिनोन् महिने वास राहील. महागडे सापळे घेऊ नका. व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी तुलना केली, तेव्हा पसरट फॉइलच्या भांड्यात साबणाचं पाणी आणि वर एक दिवा, एवढ्यानेच विकतच्या सापळ्यांपेक्षा १४ पट किडे पकडले गेले. भिंतीत मात्र औषध मारू देऊ नका.

परसात टोमॅटो-मिरची लावली असेल तर जूनपासून पानं उलटून बघा. हिरवट-पांढरा पुंजका दिसला की पान खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. पुंजका करडा-काळा असेल तर हात लावू नका. सामुराई वास्प ही तिळाहून लहान गांधीलमाशी स्टिंक बगच्या अंड्यांतच आपली अंडी घालते, आणि अशी अंडी काळवंडतात. विदर्भात कापसावर ट्रायकोकार्ड टांगतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. शास्त्रज्ञ या माशीला सोडण्याआधी बंदिस्त प्रयोगशाळेत तपासतच होते, तेवढ्यात २०१४मध्ये ती मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथे मोकळ्यावर सापडली. आशियातून ती आपली आपणच आली होती.